चित्रपट आणि कानाला आवडलेले शब्द यांच्या साथीने इंग्रजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी वाचता येतं, परीक्षेत गुणही बरे पडतात, पण कुणी बोलायला लागलं की काही कळत नाही आणि तोंड उघडत नाही. या अवस्थेतले लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: भाषा आधी कानात आणि जिभेवर बसावी लागते, आणि जे ऐकायला आवडतं ते लवकर बसतं. बाकीची उत्तरं यातूनच निघतात.

नुसते चित्रपट पाहून इंग्रजी येतं का?

नुसते पाहून नाही. गोष्ट कळण्यासाठी भाषा लागतेच असं नाही. चेहरे, संगीत, पाठलाग, रडणं यांतून कथा समजते आणि आपल्याला भाषाही समजली असा भास होतो. अनेक वर्षं इंग्रजी चित्रपट पाहूनही एक वाक्य बोलता न येणारी माणसं असतात, त्याचं कारण हेच. चित्रपटाचा उपयोग तेव्हा होतो, जेव्हा त्यातला एक छोटा तुकडा तुम्ही इतक्या वेळा ऐकता की तो तुमच्या तोंडून आपोआप बाहेर पडतो.

तरीही मी पाठ्यपुस्तकाआधी चित्रपट सुचवतो. पुस्तकात वाक्य असतं, चित्रपटात ते वाक्य बोलणारा माणूस असतो. तो कुणाशी बोलतोय, रागावलाय की लाडात आलाय, शब्द कुठे गिळतोय आणि कुठे थांबतोय, हे सगळं एकदम मिळतं. ‘फाइन’ या एका शब्दाचे ‘ठीक आहे’, ‘कर तुला हवं ते’ आणि ‘विषय संपला’ असे तीन अर्थ आवाजावरून कळतात, शब्दकोशावरून नाही.

सुरुवात करण्याआधी किती शब्द यायला हवेत?

भाषा-संशोधक स्टुअर्ट वेब आणि मायकल रॉजर्स यांनी 2009 मध्ये 318 चित्रपटांतली भाषा तपासली होती. सर्वाधिक वापरातली सुमारे 3000 शब्दकुळं आणि विशेषनामं माहीत असतील, तर संवादातले साधारण 95 टक्के शब्द ओळखीचे निघतात, असं त्यांना आढळलं. शब्दकुळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं. शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांना यातले बरेच शब्द लिहिलेले ओळखता येतात. अडचण असते ती कानाची.

तेव्हा शब्दसंग्रह वाढेपर्यंत थांबू नका. निम्मं कळत असेल तरी सुरू करा, फक्त तुकडा छोटा घ्या.

कोणता चित्रपट निवडू?

जो तुम्ही पुन्हा पाहू शकाल तो. ही अट सगळ्यात वरची. शिफारस केलेला पण तुम्हाला कंटाळवाणा वाटणारा चित्रपट चौथ्या वेळेला उघडला जात नाही.

त्याखालोखाल, घरात, कचेरीत, मित्रांत घडणारे बोलके चित्रपट बरे. लढाया, अवकाशयानं आणि गुन्ह्यांचा तपास यांत शब्द एक तर कमी असतात किंवा त्या त्या क्षेत्राचे असतात. ॲनिमेशनपट प्रौढांनीही जरूर पाहावेत. त्यांत संवाद सहसा आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतात आणि चित्र त्यावर बेततात, त्यामुळे आवाज स्वच्छ असतो. 1930 आणि 40च्या दशकांतले अनेक चित्रपटही कानाला सोपे जातात, कारण नट रंगभूमीच्या शिस्तीत शब्द सुटे बोलत. मात्र त्या काळी हॉलिवूडमध्ये रूढ असलेले अर्धे ब्रिटिश, अर्धे अमेरिकन उच्चार आज कुणी बोलत नाही. ऐकायला घ्या, नक्कल करायला नको.

मूळ दुसऱ्या भाषेतला आणि इंग्रजीत डब केलेला चित्रपट शिकण्यासाठी टाळा. त्यात डबिंगचं भाषांतर वेगळं आणि सबटायटलचं वेगळं असतं. कानाला एक वाक्य ऐकू येतं, डोळ्यांना दुसरं दिसतं.

सबटायटल मराठी ठेवू, इंग्रजी ठेवू की बंद करू?

मराठी सबटायटल कथेसाठी चांगली, कानासाठी नाहीत. डोळे मराठी वाचतात आणि मन तेवढ्यावर समाधानी होतं.

यावर एक बोलका प्रयोग झाला आहे. 2009 मध्ये होल्गर मिटेरर आणि जेम्स मॅकक्वीन यांनी डच विद्यार्थ्यांना अनोळखी ढंगाचं, म्हणजे स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन, इंग्रजी चित्रफितींतून ऐकवलं. काहींना इंग्रजी सबटायटल दिली, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर त्याच बोलणाऱ्यांची नवी वाक्यं ऐकवली, तेव्हा इंग्रजी सबटायटल वाचलेल्यांचा कान जास्त सरावलेला निघाला. डच सबटायटलचा नव्या वाक्यांसाठी उलट तोटाच झाला. मातृभाषेतली अक्षरं अर्थ सांगतात, पण कोणता आवाज म्हणजे कोणता शब्द ते सांगत नाहीत. ते काम इंग्रजी अक्षरं करतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सबटायटल बंद, मग इंग्रजी, मग पुन्हा बंद. पहिल्यांदाच इंग्रजी लावलीत तर कान आळशी होतो आणि तुम्ही चित्रपट वाचू लागता. एक सावधगिरी हवी: सबटायटल म्हणजे शब्दशः नोंद नव्हे. ओळीला जागा मर्यादित असते, वाचायला वेळही मर्यादित असतो, म्हणून संवाद भरभर असेल तर वाक्यं छाटली जातात. ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळत नसेल, तर कान चुकलाच असं धरून चालू नका.

एक प्रसंग घेऊन नेमकं करायचं काय?

दोन-तीन मिनिटांचा, दोन माणसं बोलताहेत असा प्रसंग निवडा. मागे संगीत किंवा गोंगाट कमी असावा.

पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा काय काय कानावर पडलं ते कागदावर उतरवा, तुटक असलं तरी चालेल. मग एकेका वाक्यावर थांबत पुढे जा. एक वाक्य चार-पाच वेळा ऐकूनही कळलं नाही तर ते तिथेच सोडा. आता इंग्रजी सबटायटल लावून ताडून पाहा. शिकण्याची खरी जागा ही. जे शब्द कानाला लागले नाहीत, ते बहुतेक वेळा तुम्हाला माहीत असलेलेच निघतात. ‘हॅव’, ‘देम’, ‘ऑफ’, ‘टू’ असे चिमुकले शब्द निसटतात. मोठे, अवघड शब्द सहसा ऐकू येतात.

मग बोलणं. वाक्य ऐका, थांबवा, त्याच चालीत म्हणा. शब्द बरोबर येण्यापेक्षा चाल बरोबर येऊ द्या: आवाज कुठे चढला, कुठे पडला, कोणत्या शब्दावर जोर आला. सवय झाली की न थांबवता, नटाच्या आवाजावर आपला आवाज ठेवून, अर्धा क्षण मागे राहून बोलत जा. याला शॅडोइंग म्हणतात. सुरुवातीला दमछाक होते, जीभ अडखळते, आणि ते व्हायलाच हवं. मराठी बोलताना कधीच न वापरलेल्या हालचाली तोंडाला करायच्या असतात.

शेवटी स्वतःचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ऐका. हे फार थोडे लोक करतात, आणि प्रगती सगळ्यात जास्त याच पायरीने होते असं माझं निरीक्षण आहे.

सुटे शब्द ओळखू येतात, पण वाक्य कानावरून जातं. असं का?

कारण बोलताना इंग्रजी शब्द सुटे राहतच नाहीत. ‘टर्न इट ऑफ’ हे ‘टर्निटॉफ’ होतं. ‘टेल हिम’मधला ह गळून ‘टेलिम’ राहतं. ‘डिड यू’चं ‘डिजू’ होतं. ‘आय थॉट यू वर गोइंग टू कॉल मी’ हे लिहिलेलं वाक्य ‘अथॉच्यू वर्गना कॉल मी’ असं कानावर येतं. अमेरिकन बोलण्यात ‘वॉटर’ आणि ‘बेटर’ यांतला ट मऊ होऊन ‘वॉडर’, ‘बेडर’च्या जवळ जातो.

हे ऐकून घाबरू नका, हे आपल्या ओळखीचंच आहे. संस्कृतातून आलेल्या संधी आपण शाळेत सोडवल्या आहेत. इंग्रजी संधी तोंडाने करतं आणि कागदावर लिहीत नाही, एवढाच फरक. आणि आपण तरी ‘काय करतो आहेस’ कुठे म्हणतो? ‘काय करतोयस’ म्हणतो. पुस्तकावरून मराठी शिकलेल्या माणसाची ते ऐकून जी गडबड होईल, तीच आपली इंग्रजी चित्रपट पाहताना होते.

दुसरं कारण जोराचं. मराठीत अक्षरं बरीचशी सारख्या वजनाने उच्चारली जातात. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर (म्हणजे एका ठोक्यात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर, सिलेबलवर) ठसठशीत आघात, म्हणजे जोर, येतो आणि आजूबाजूचे स्वर दबून जातात. ‘बनाना’ हा शब्द आपण तीन सारख्या ठोक्यांत म्हणतो. इंग्रजीत मधल्या ‘ना’वर भार येतो आणि अलीकडचा-पलीकडचा असे दोन्ही स्वर पुसट होतात. ‘कम्फर्टेबल’ हे ‘कम्फ्टबल’ होतं, ‘व्हेजिटेबल’ हे ‘व्हेज्टबल’. ‘डेव्हलप’ आणि ‘हॉटेल’ यांचा पहिला अवयव आपण दणकून म्हणतो, तिथे भार दुसऱ्यावर असतो. ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

तो दबलेला, पुसट स्वर हा इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर आहे. शब्दकोशात तो उलट्या काढलेल्या ‘ई’ अक्षराने दाखवतात. आनंदाची गोष्ट म्हणजे आपला साधा ‘अ’ त्याच्या अगदी जवळचा आहे. आवाज नव्याने शिकायचा नाही, तो कुठे येतो तेवढं ओळखायचं.

कानाला आवडले म्हणून शब्द गोळा करणं म्हणजे वेळ वाया घालवणं नाही का? उपयोगी शब्दच का पाठ करू नयेत?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. उपयोगी शब्दांच्या याद्या सगळ्यांकडे असतात आणि बहुतेकांच्या अर्ध्यावर पडलेल्या असतात. आवडलेला शब्द माणूस उगाचच पुटपुटतो. जितक्या वेळा पुटपुटतो, तितका त्याचा आघात, त्यातले स्वर, जिभेची जागा पक्की होते. एक शब्द पूर्ण इंग्रजी ढंगाने म्हणता आला की तोच आवाज असलेले कितीतरी शब्द मागोमाग सुधारतात. ‘व्हेल्व्हेट’ आवडला म्हणून नीट म्हणायला शिकलात, तर ‘व्हेरी’, ‘एव्हर’, ‘लीव्ह’ हेही नीट येऊ लागतात.

शब्दांच्या आवाजावर जीव लावणारे आपण पहिले नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी 1955 मधल्या एका व्याख्यानात म्हटलं होतं की ‘सेलर डोअर’ हे शब्द अर्थ आणि स्पेलिंग बाजूला ठेवून ऐकले तर सुंदर आहेत. अर्थ काय, तर तळघराचं दार! 2004 मध्ये ब्रिटिश कौन्सिलने इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांत सुंदर शब्दांची पाहणी केली, तेव्हा ‘मदर’ पहिला आला. तिथे आवाजापेक्षा अर्थाने बाजी मारली असावी असं मला वाटतं. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी 1995 मध्ये लोकांना गोड वाटणाऱ्या शब्दांचे आवाज तपासले. म आणि ल यांसारखे वर्ण त्यांत पुन्हा पुन्हा भेटतात, शब्द बरेचदा तीन किंवा अधिक अवयवांचे असतात आणि आघात पहिल्या अवयवावर येतो.

मराठी माणसाचा कान याबाबतीत आधीच तयार असतो. सळसळ, खळखळ, रिमझिम, गडगडाट, कुजबुज असे नादावरून अर्थ सांगणारे शब्द आपण लहानपणापासून बोलतो. झगमग, झळाळी, झगझगीत, झळकणं यांत सुरुवातीचा झ आणि उजेड एकत्र येतात. इंग्रजीत हेच काम ‘ग्ल’ करतो: ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिमर, ग्लिसन. ‘स्न’ने सुरू होणारे कितीतरी शब्द नाकाशी जोडलेले आहेत: स्निफ, स्नोअर, स्नीझ, स्नाउट. ‘अंबल’वर संपणारे रंबल, टंबल, स्टंबल, मंबल, फंबल सगळे अडखळणारे किंवा घरंगळणारे. आवाज आणि अर्थ यांच्या अशा जोड्यांना भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्ये ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. हा काही पक्का नियम नव्हे, ‘ग्लू’मध्ये उजेड कुठे आहे? पण एक शब्द आवडला की त्याच्या भावंडांकडे जायला ही वाट फार सुंदर आहे.

आवडत्या शब्दांची वही कशी ठेवू?

शब्द एकटा लिहू नका. तो ज्या वाक्यात ऐकला ते अख्खं वाक्य लिहा, कोण कुणाला म्हणालं तेही लिहा. आघात येणाऱ्या अवयवाखाली रेघ ओढा. खाली त्या शब्दाचं स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य रचा. अर्थ मराठीत लिहिला तरी हरकत नाही.

एकावेळी थोडेच घ्या. दुसऱ्या दिवशी, मग काही दिवसांनी, मग आणखी मोठ्या अंतराने उजळणी करा. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगाने होतं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एकदम घोकण्यापेक्षा जास्त टिकते.

आणि एक पथ्य पाळा. ‘सेरेंडिपिटी’सारखा (म्हणजे अवचित झालेला सुखद योगायोग) शब्द वहीत असू द्या, जिभेवर खेळवा, पण प्रत्येक संभाषणात घालू नका. बोलायला ‘लकी’ पुरतो. आवडता शब्द कान आणि जीभ घडवतो, रोजचं बोलणं साध्या शब्दांवर चालतं.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तर चालतील का?

चालतील. वर मीही तेच केलं आहे. ॲ आणि ऑ ही चिन्हं आपण इंग्रजी स्वरांसाठीच घेतली, आणि स्पेलिंगपेक्षा देवनागरी उच्चाराच्या कितीतरी जवळ जाते. पण चार ठिकाणी ती फसवते.

‘व्ह’ लिहिलं की आपण त्यात ह मिसळतो. इंग्रजी ‘व्हेरी’त ह अजिबात नाही. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आवाज घुमवायचा. उलट ‘वेस्ट’, ‘विंडो’ यांत दातांचा संबंध नाही, ओठांचा चंबू करायचा. मराठी व या दोन्हींच्या मधला आहे, म्हणून आपले हे दोन गट एकमेकांत मिसळतात.

‘झू’, ‘झिरो’ लिहिताना झ वापरतो, पण झमधला श्वासाचा जोर तिथे नसतो. ‘जरा’, ‘जोर’ यांतला ज त्याला जास्त जवळचा, फक्त जीभ वर टेकू न देता आवाज लांबवायचा.

‘थिंक’मधला थ आपल्या थसारखा आपटत नाही. जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा सोडायची. ‘दिस’, ‘दॅट’ यांतला ‘द’सुद्धा तसाच, घशातून घुमवून.

आणि प, ट, क शब्दाच्या आरंभी, आघाताच्या अवयवात आले तर इंग्रजीत त्यांच्याबरोबर हवेचा झोत सुटतो. ‘पिन’ म्हणताना तोंडासमोर धरलेला कागद हलला पाहिजे. ‘स्पिन’ म्हणताना तो हलत नाही.

अमेरिकन उच्चार शिकू की ब्रिटिश?

ऐकायला दोन्ही. बोलायला ज्या ढंगाचे चित्रपट तुम्हाला मनापासून आवडतात तो. मिसळलं तरी कुणाचं अडत नाही. स्पष्ट आघात आणि ओळखू येणारे स्वर एवढं साधलं की समोरच्याला कळतं.

चित्रपटांत शिव्या आणि उद्धट बोलणं फार असतं. ते तोंडात बसलं तर?

ओळखायला शिका, वापरायला नको. परक्या भाषेतली शिवी आपल्याला हलकी वाटते, ऐकणाऱ्याला ती पूर्ण वजनाने लागते. एखादं वाक्य उचलण्याआधी बघा: ते कुणी, कुणाला, कोणत्या नात्यात म्हटलं? इंग्रजीत ‘तू’ आणि ‘आपण’ वेगळे नसल्याने आदर वाक्याच्या घडणीत दडलेला असतो. ‘ओपन द विंडो’ आणि ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो’ यांत तेवढंच अंतर आहे, जेवढं ‘खिडकी उघड’ आणि ‘खिडकी उघडता का जरा’ यांत.

व्याकरण वेगळं शिकावं लागेल का?

थोडं. पण आधी कानात वाक्यं साठू द्या, मग नियम वाचा. नियम वाचताना ‘अरे, तो असंच म्हणाला होता’ असं होतं आणि तो लक्षात राहतो. अनेक चित्रपटांना दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णनाची वेगळी पट्टी असते. त्यात पडद्यावर काय घडतंय ते साध्या वर्तमानकाळात, स्वच्छ आवाजात सांगितलेलं असतं: ती दार उघडते, तो मागे वळतो. क्रियापदं शिकायला याहून चांगला शिक्षक मला अजून मिळालेला नाही.

सराव करायला सोबत कुणी नाही. एकट्याने जमेल?

जमेल. दोन पात्रांचा प्रसंग घ्या, एकाचे संवाद तुम्ही म्हणा. त्या पात्राची वाक्यं आली की आवाज बंद करा आणि ओठ हलताहेत तेवढ्या वेळात बोलून मोकळे व्हा. काही दिवसांनी शब्द बदला, अर्थ तोच ठेवा. मग प्रसंगाचा शेवट बदला. पाठांतरातून स्वतःच्या बोलण्याकडे यायला हा पूल लागतो. तो न बांधता माणसं थेट संभाषणात उडी मारायला जातात आणि गप्प होतात.

लहान मुलांना ही पद्धत चालेल का?

त्यांना पद्धत नकोच. आवडलेला चित्रपट ती आपणहून असंख्य वेळा पाहतात आणि संवाद नाट्यासह म्हणतात. शेजारी बसा, त्यांच्याबरोबर बोला, उच्चार सुधारायला जाऊ नका.

प्रगती होतेय हे कसं कळणार?

महिन्यातून एकदा, पूर्वी न पाहिलेला दोन मिनिटांचा प्रसंग घ्या. सबटायटल बंद. तीनदा ऐका, लिहा, मग ताडून पाहा. चुकांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांची जात बघा. आधी अख्खी वाक्यं निसटत होती आणि आता फक्त चिमुकले शब्द निसटत असतील, तर कान तयार होतोय. ते सापडायला लागले आणि आता एखादं विशेषनाम किंवा बोलीतला शब्द तेवढा अडत असेल, तर त्या चित्रपटाकडून मिळण्यासारखं बरंचसं मिळालं. पुढचा, थोडा भरभर बोलणाऱ्या माणसांचा चित्रपट उघडा.